वही मिटून घेणाऱ्या मुलीसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारा वर्षांची. वहीत काहीबाही लिहिते आणि कुणी खोलीत आलं की वही मिटून घेते. तिला कवितेची गोडी कशी लावावी, तिच्याच वयाच्या मुलांनी लिहिलेलं कुठे वाचायला मिळेल, आणि तिनं कधी आपणहून दाखवलंच तर चुका दुरुस्त कराव्यात की नुसतं कौतुक करावं? शेवटी जरा संकोचून तुम्ही असंही विचारलंय, की या वयातल्या लिहिण्याला खरंच काही अर्थ असतो का. मी गेली बावीस वर्षं आठ ते सोळा वयाच्या मुलामुलींचे लेखनवर्ग घेते आहे. सुरुवात त्या शेवटच्या शंकेपासूनच करते, कारण तिचं उत्तर मनात पक्कं झालं नाही तर बाकीचं सगळं वरवरचं राहतं.

मराठी वाचणाऱ्याला खरं तर ही शंका पडायला नको. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली पूर्ण झाली. ज्ञानेश्वरांचा जन्म परंपरेनं १२७५चा मानतात. हिशेब करून बघा. मुक्ताबाई तर त्यांची धाकटी बहीण, आणि रागावून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत काढणारे ताटीचे अभंग तिच्या नावावर आहेत. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणायला उभे राहिले, तेव्हा ते जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. 'बालकवी' हे नाव त्यांना तिथेच मिळालं.

या नावांनी दडपून जाऊ नका, आणि मुलीला तर ही उदाहरणं अजिबात ऐकवू नका. मला त्यातलं वेगळंच काही दाखवायचंय. ज्ञानेश्वरीत ठिकठिकाणी श्रोत्यांकडे अवधान मागितलेलं आहे. संतजन आणि गुरू असलेले थोरले बंधू निवृत्तिनाथ ऐकताहेत हे धरूनच ती बोलली गेली. ताटीचे अभंग एका भावाला उद्देशून आहेत. बालकवींपुढे सभा होती. कोवळ्या वयाच्या या तिघांना मन लावून ऐकणारं कुणीतरी होतं. इतक्या वर्षांत मी जे काही शिकले ते याच एका गोष्टीभोवती फिरतं. लिहिणाऱ्या मुलाला आधी वाचक लागतो. परीक्षक नंतर, आणि तोही मुलानं मागितला तर.

आता गोडीबद्दल. ती कानातून लागते. कोर्नेई चुकोव्स्की या रशियन लेखकानं दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. दोन वर्षांचं झालं की प्रत्येक मूल काही काळ भाषेतलं अलौकिक कसब दाखवतं, असं त्याचं ठाम म्हणणं होतं. घरात लहान मूल असलेल्या कुणालाही हे पटेल. शब्द उलटेपालटे करायचे, नसलेला शब्द बनवायचा, एकच ओळ वीस वेळा म्हणून हसत सुटायचं, हे सगळं कवितेचंच काम आहे आणि ते मूल कुणी न शिकवता करत असतं. पुढे शाळेत कवितेखाली प्रश्न येतात. कवीला काय म्हणायचे आहे? पुढील ओळींचे संदर्भासह स्पष्टीकरण करा. कविता मग कानातून उतरते आणि गुणांच्या रकान्यात जाऊन बसते. बाराव्या वर्षी कान अजून शाबूत असतो, फक्त त्याला बरेच दिवस कुणी काही दिलेलं नसतं.

म्हणून रोज एक कविता मोठ्यानं वाचा. तिला समोर बसवून वाचायची गरज नाही. ती दप्तर भरत असेल, कपड्यांच्या घड्या घालत असेल, तेव्हा वाचा. अर्थ सांगू नका, आणि वाचून झाल्यावर गप्प बसा. हे गप्प बसणं पालकांना सगळ्यात अवघड जातं. 'कशी वाटली?' हा प्रश्नसुद्धा निदान पहिले पंधरा दिवस नको, कारण मुलाला त्यात परीक्षेचा वास येतो. चारपाच दिवसांनी तुम्ही चुकून एखादी ओळ विसरलात आणि तिनं आतल्या खोलीतून ती पुरी केली, तर समजा काम सुरू झालं.

काय वाचायचं, हे कसं ठरवायचं? माझी पद्धत सोपी आहे. मुलांसाठी म्हणून काढलेला संग्रह हातात घ्यायचा, कुठलंही पान उघडून तीन कविता मोठ्यानं वाचायच्या. तिन्हीच्या शेवटी उपदेश निघाला, तर पुस्तक परत ठेवायचं. झाडे लावा, खोटे बोलू नका, आईवडिलांचा मान राखा हे सगळं खरं आहे. पण मुलं हे दिवसभर ऐकतच असतात आणि कवितेत ते पुन्हा आलं की त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. मुलांसाठी लिहिणारा चांगला कवी त्यांच्यासाठी वेगळा, पातळ आवाज काढत नाही. विंदा करंदीकरांनी मोठ्यांसाठी लिहिलेल्या कवितेला पुढे ज्ञानपीठाचा मान मिळाला, आणि मुलांसाठी 'राणीची बाग', 'सशाचे कान', 'एटू लोकांचा देश' लिहिणारेही तेच. दोन्हीकडे खोडी तीच आणि शब्दांवरची पकडही तीच.

तुमची मुलगी बारा वर्षांची आहे, म्हणजे तिला लवकरच 'बालगीतं' हा शब्द नकोसा होईल. त्या वयाला मोठ्यांच्या कविता देऊन टाका. सगळी समजली पाहिजे अशी अट घालू नका; न समजलेली ओळ डोक्यात घोळत राहण्यात वेगळीच मजा असते. एकाच कवीच्या जाडजूड संग्रहापेक्षा या टप्प्यावर निवडक कवितांचं पुस्तक बरं, कारण नावडत्या कवीचं पान सरळ उलटता येतं. आणि एक कोरी वही आणून द्या, आवडलेल्या कविता उतरवून घ्यायला. मराठीत ही सवय जुनी आहे. हातानं उतरवताना कवीनं ओळ कुठे तोडली, कुठला शब्द दोनदा आणला, हे बोटांना कळतं, आणि तसं ते कुठल्याही समजावण्यानं कळत नाही. त्या वहीत काय उतरवावं यावर मत देऊ नका. सिनेमातलं गाणं आलं तरी चालेल.

समवयस्कांचं लेखन वाचायला मिळणं फार महत्त्वाचं आहे. मोठ्या कवीची कविता वाचून मूल थक्क होतं. आपल्याच वयाच्या मुलाची वाचली की म्हणतं, 'हे तर मलाही जमेल.' मराठीत 'किशोर' मासिक आहे. बालभारतीनं ते नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलं, त्यात मुलांच्या लेखनालाही जागा असते आणि जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. जुने अंक चाळायला मुलीला एकटीला सोडा. चाळीस वर्षांपूर्वी आपल्याएवढ्या असलेल्या कुणाचे तरी शब्द समोर आले की मुलं चकित होतात. ती हिंदी वाचत असेल तर भोपाळच्या एकलव्य संस्थेनं १९८५ साली सुरू केलेलं 'चकमक' जरूर दाखवा. मुलांचं लेखन जसं आलं तसं, त्याची बोली न घासता छापण्याची त्यांची रीत मला फार आवडते. शाळेचा वार्षिक अंकही वाचा, पण एक लक्षात ठेवा: त्यातल्या पुष्कळ कविता मोठ्यांनी इतक्या नीटनेटक्या केलेल्या असतात की मूल त्यातून गायब झालेलं असतं.

हे गायब होणं कसं घडतं ते सांगते. एका वर्गात मी मुलांना म्हटलं, शाळेवर काहीतरी लिहा. दहा वर्षांच्या एका मुलीनं लिहिलं, 'शाळा माझी छान छान, ज्ञानाचे ती मंदिर महान.' यमक बिनचूक, अक्षर सुंदर. मी विचारलं, 'तुझ्या वर्गात तू बसतेस तिथून काय काय दिसतं?' ती म्हणाली, फळा, पंखा, समोरच्या मुलीची वेणी. 'आणि हात कुठे असतो?' ती थांबली. म्हणाली, 'बाकावर कुणाचं तरी नाव कोरलेलं आहे. माझं कोपर त्याच्यावर येतं.' मी म्हटलं, हे लिही. दहा मिनिटांनी कागदावर एवढंच होतं:

बाकावर कुणीतरी नाव कोरलंय.
तो आता केवढा झाला असेल?
त्याच्या नावावर माझं कोपर
रोज टेकतं.

छान छान आणि महान कुठेच उरलं नाही. शाळा मात्र आली, वर्षांमागून वर्षं येऊन गेलेली मुलं आली, तिचं स्वतःचं कोपर आलं. वर्गात वाचल्यावर सगळी मुलं आपापल्या बाकांवर वाकून बघायला लागली. मी तिला प्रतिमा, रूपक यातलं काहीही शिकवलं नव्हतं. फक्त दोन प्रश्न विचारले होते, आणि दोन्ही प्रश्न तिला जे ठाऊक होतं आणि मला नव्हतं त्याबद्दलचे होते. मुलाला लिहितं करायचं असेल तर असे प्रश्न शोधा. 'पावसाळा' या विषयावर सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून सगळ्यांची कविता सारखीच निघते. 'पाऊस आला तेव्हा तुझ्या हातात काय होतं?' याचं उत्तर तिच्या एकटीकडेच असतं.

भाषेचंही तसंच. निबंधात शिकवलेले शब्द कवितेत दबा धरून बसलेले असतात: निसर्गरम्य, रंगीबेरंगी, मन प्रसन्न होते. मी मुलांना सांगते, हा शब्द तू मैत्रिणीशी बोलताना कधी वापरलास? नसशील तर आज त्याला सुट्टी दे. घरात जी बोली असेल ती कागदावर येऊ द्या. 'बघितले' लिहायचं की 'बगितलं', यावर पहिल्या खर्ड्याच्या वेळी वाद घालू नका.

घरी करण्यासारखे दोनतीन खेळ देते. केनेथ कोक या अमेरिकी कवीनं १९६८ पासून न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला लावल्या. त्याची युक्ती अशी, की यमकाऐवजी एकच सुरुवात द्यायची. प्रत्येकानं 'मला वाटतं...' अशी एक इच्छा लिहायची, सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून सलग वाचायच्या, की वर्गाची कविता तयार. त्याचीच दुसरी सुरुवात, 'पूर्वी मी... पण आता मी...', ही अकरा-बारा वर्षांच्या मुलांना फार लागू पडते, कारण त्या वयात ती खरोखरच बदलत असतात. 'पूर्वी मी अंधाराला घाबरायचे, पण आता मी दिवा लावून कुणीतरी आत येईल याला घाबरते,' असं मला एका मुलीनं लिहून दिलं होतं. हा खेळ घरातल्या सगळ्यांनी खेळायचा. तुम्हीही लिहायचं, आणि खरं लिहायचं.

दुसरा खेळ इटालियन लेखक जान्नी रोदारीचा. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे. त्याचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. मधे 'चा', 'वर', 'शिवाय' असं काही घालून बघायचं: कुत्र्याचं कपाट, कपाटावरचा कुत्रा, कपाटाशिवाय कुत्रा. प्रत्येकातून एक गोष्ट डोकं वर काढते. ज्या मुलांना 'काय लिहू?' हा प्रश्न छळतो, त्यांच्यासाठी याहून चांगलं औषध मी पाहिलेलं नाही.

आणि तिसरा आपल्या घरचा: अभंग. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, शेवटचा चारचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. मुलं बोटांवर अक्षरं मोजतात, पुटपुटतात, शब्द बदलतात, आणि त्या खटपटीत नकळत संपादन शिकतात. वर्गात तिघांनी मिळून केलेला एक देते:

दाराशी चप्पल
डाव्याच पायाची
वाट उजव्याची
पाहते ती

मोजून बघा. 'पाहते ती'पाशी सहाची सवय लागलेला कान एकदम थांबतो, आणि ते थांबणंच वाट पाहण्यासारखं वाटतं. मुलांनी हे ठरवून केलं नव्हतं. पण मी त्यांना ते दाखवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे आलं त्यासाठी मी हे काम करते. अक्षरांचं बंधन लहानग्यांना जाचत नाही. मोकळ्या पानापुढे घाबरणाऱ्या मुलाला तर त्याचा आधारच होतो. यमकावर मात्र नजर ठेवा. 'फूल' आलं म्हणून 'मूल' आणि 'मूल' आलं म्हणून 'चूल' अशी गाडी सुरू झाली, की मुलाला विचारा, 'यमक सोडलं तर इथे काय म्हणायचं होतं?'

आता चुकांचा प्रश्न. तिनं वही पुढे केली, तर पहिल्यांदा फक्त वाचा. मग तुम्हाला दिसलं ते सांगा: 'ही ओळ वाचताना मला तो जिना दिसला.' 'इथे मी थांबून परत मागे गेले.' 'हा 'तो' कोण ते मला कळलं नाही.' 'वा, किती छान!' याचा मुलांना फारसा उपयोग होत नाही. ते तुम्ही न वाचताही म्हणू शकला असता, हे त्यांना माहीत असतं. ऱ्हस्वदीर्घ पहिल्या वाचनात नको. म्हणजे शुद्धलेखन महत्त्वाचं नाही असं नव्हे. ते केव्हा येतं हे बघायला हवं, आणि याबाबतीत मला फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाचा फार आधार वाटतो. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, वर्गात फार वेळ बोलणं त्याला झेपत नसे. १९२४ साली त्यानं वर्गासाठी एक लहानसं छपाईयंत्र घेतलं. मुलं आपल्या मनानं लिहायची, त्यातलं निवडलेलं स्वतः छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायची आणि ते दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. खिळा खिळा जुळवताना चूक आपोआप दिसते. आणि दूरच्या गावातलं आपल्याएवढं कुणी हे वाचणार आहे म्हटल्यावर ती दुरुस्त करावीशीही वाटते.

अ‍ॅन फ्रँकचं उदाहरण तर याहून ठसठशीत आहे. २८ मार्च १९४४ रोजी लपलेल्या त्या घरात लंडनहून रेडिओवर निवेदन ऐकू आलं, की युद्धकाळातल्या रोजनिशा, पत्रं जपून ठेवा, पुढे ती गोळा केली जातील. चौदा वर्षांच्या अ‍ॅननं त्यानंतर आपली रोजनिशी सुट्या कागदांवर पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. काही भाग गाळले, काही वाढवले, माणसांना दुसरी नावं दिली. ऑगस्टमध्ये अटक होईपर्यंत ती हे काम करत होती. पुन्हा लिही असं तिला कुठल्या शिक्षकानं सांगितलं नव्हतं. तिला वाचक दिसायला लागला होता.

मूल दुसरा खर्डा करायला तयार झालं की मात्र हातचं राखू नका. चौदा वर्षांच्या एका मुलानं 'एकटेपणा' नावाची सोळा ओळींची कविता आणली होती. खोल दरी, काळोख, अश्रू, शून्य, सगळं होतं. अकराव्या ओळीत हळूच एक वाक्य होतं: 'बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटी भरते.' मी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि विचारलं, 'कविता इथून सुरू झाली तर?' तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. पुढच्या आठवड्यात आणली तेव्हा सात ओळी उरल्या होत्या आणि 'एकटेपणा' हा शब्द शीर्षकातूनही गेला होता. माझा नियम एवढाच, की एका वेळी एकच सूचना, आणि तीही प्रश्न म्हणून.

दुःखाच्या कवितांनी घाबरू नका. या वयाची मुलं मृत्यूवर, तुटलेल्या मैत्रीवर, कुणालाच मी नको आहे यावर लिहितात, आणि लिहिल्यामुळे पुष्कळदा मोकळी होतात. पण स्वतःला इजा करण्याबद्दल, नाहीसं होण्याबद्दल काही पुन्हा पुन्हा आणि तपशिलानं येत असेल, तर तिथे ती कविता म्हणून वाचत बसू नका. शांतपणे, सरळ विचारा आणि समुपदेशकाची मदत घ्या.

वहीबद्दल एक कळकळीची विनंती. ती चोरून वाचू नका, आणि दाखवलेली कविता तिला न विचारता कुणाला पाठवू नका. नातेवाइकांच्या ग्रुपवरही नाही. वर्ग घ्यायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत, एका मुलानं टेबलावर ठेवून दिलेली कविता मी त्याला न विचारता वर्गात वाचली. कविता उत्तम होती, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो मुलगा उरलेले सहा आठवडे येत राहिला आणि त्यानं एकही ओळ मला दाखवली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मुलांना एक खूण करायला सांगते: फक्त माझ्यासाठी, तुमच्यासाठी, किंवा सगळ्यांसाठी. ही पद्धत घरीही चालते. तिनं 'फक्त माझ्यासाठी' लिहिलेलं पान तुमच्यासमोर उघडं पडलं असेल आणि तुम्ही ते मिटून ठेवलंत, तर ते तिच्या लक्षात येतंच.

छापायला पाठवावं का? तिला हवं असेल तर जरूर. स्पर्धेपेक्षा आधी मासिक बरं. स्पर्धेत एक जिंकतो आणि बाकीच्यांना कारण कळत नाही. ती इंग्रजीतही लिहीत असेल तर ब्रिटनच्या पोएट्री सोसायटीची फॉइल यंग पोएट्स ही स्पर्धा अकरा ते सतरा वयाच्या जगभरच्या मुलांसाठी १९९८ पासून चालू आहे, तिला प्रवेशशुल्क नाही. कुठल्याही स्पर्धेचे नियम तिच्याबरोबर बसून वाचा. पैसे घेऊन प्रत्येकाची कविता 'निवडणाऱ्या' आणि मग पुस्तकाच्या प्रती विकत घ्यायला लावणाऱ्यांपासून लांब राहा. पाठवताना कवितेच्या पानावरच नाव, वय, इयत्ता तिच्याच हातानं लिहू द्या आणि एक प्रत घरी ठेवा. उत्तर यायला महिने लागतात, कधी येतही नाही, हे आधीच सांगून ठेवा. आणि त्या वाट बघण्याच्या काळात संध्याकाळचं मोठ्यानं वाचन बंद पडू देऊ नका.